निवडलेला हरभरा

॥ ॐ श्री गुरु बसवलिंगाय नमः ॥

३ जानेवारी १९९७, शुक्रवार

सांगलीच्या ठोक व्यापाऱ्यानं दुकानाला ही डायरी भेट दिली. ह्यांनी ती माझ्यापुढं टाकली. "घे, तुला लिहायचा नाद हाय." खर्चाची वही वेगळी आहे, तिच्यात तेल-मीठ सोडून काही लिहीत नाही. हिच्यात बाकीचं लिहीन. कोरी पानं वाया जायला नकोत, पण रोज लिहिण्यासारखं घडतं तरी कुठं? घडेल तेव्हा लिहू.

आज घडलं ते असं. आमची सून शांभवी, मला अत्ती म्हणते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लग्न ठरलं तेव्हा तिचं पहिलं वर्ष झालं होतं. तिच्या वडिलांनी गडहिंग्लजला बैठकीतच विचारलं होतं, पुढं शिकवाल का. मीच म्हणाले, शिकवू. माझी अकरावी मॅट्रिक संकेश्वरला झाली आणि तिथंच थांबली. ते मनात होतं असं नाही, तोंडातून गेलं एवढंच.

तर आज जेवताना हे तिला म्हणाले, "सूनबाई, ह्या वर्षाला पहिला वर्ग आला तर पुढचं बघू. न्हाय आला तर घर हाय, दुकान हाय. वीरेशला फौंड्रीत रात्रपाळ्या, घरात माणूस पाहिजे की."

शांभवी "व्हय मामा" म्हणाली. तिच्या हातातला घास तसाच राहिला होता.

वीरेश माझा एकुलता एक. शिरोलीला सुपरवायझर आहे. त्यानं बायकोच्या ताटात भाकरी वाढली फक्त. भाकरी तिला नको होती. मुलग्यांना तेवढं कळत नाही.

१३ जानेवारी, सोमवार, भोगी

बाजरीची भाकरी, मिश्र भाजी, तीळ. इष्टलिंगाची पूजा आज सावकाश झाली.

शांभवीला कॉलेजात स्टॅटिस्टिक्स नावाचा विषय आहे. सायन्सच्या पोरांना घ्यावाच लागतो म्हणे. मी विचारलं, ते काय असतं गं? म्हणाली, "अत्ती, पुष्कळ गोष्टी मोजायच्या, आणि न मोजलेल्याबद्दल किती सांगता येतंय ते बघायचं." मी म्हटलं, हे तर पंचांगवाल्याचं काम झालं. हसली.

प्रत्येकानं स्वतः काहीतरी मोजून आणायचं आहे. ते जर्नलमध्ये लिहायचं. सरांची सही झाली तरच मार्चात प्रात्यक्षिकाला बसता येतं. कुणी बसच्या वेळा मोजतं, कुणी पानांची लांबी. हिनं दुकानातला हरभरा घेतलाय. पोत्यातून दाणे काढायचे, पन्नास-पन्नासच्या पुड्या करायच्या, प्रत्येक पुडीत किडके किती ते मोजायचं.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "म्हंजे एवढी फी भरून आता सूनबाई हरभऱ्याची भोकं मोजणार व्हय?"

"भोकंच की मामा," शांभवी म्हणाली.

हसले बाबा एकदाचे. परवानगी मिळाली.

शेजारच्या झुंबरबाई तिळगूळ मागायला आल्या त्या आजच, उद्यापर्यंत दम नाही. त्यांना सांगितलं. म्हणाल्या, "असलं कॉलेज असतंय? मग माझी आजी प्रोफेसरच म्हणायची." मी त्यांना तिळाची वडी तुटकी दिली.

२० जानेवारी, सोमवार

शांभवी कॉलेज सुटलं की लक्ष्मीपुरीत दुकानावर उतरते, दाणे काढते, पन्नास मोजून पुड्या बांधते. जुन्या कॅलेंडरची पानं मी जपून ठेवलीच होती, ती कामी आली. पुड्यांवर नंबर घालून देवघराच्या फळीवर ठेवते. किडके मोजायचं काम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कारण आल्या आल्या तिला स्वयंपाकाला लागावं लागतं. मी म्हणते तू बस अभ्यासाला. ऐकत नाही. गुणाची आहे.

आज दुपारी फळी पुसताना एक पुडी सुटली. बघते तर काय, पन्नासात सहा-सात दाण्यांना भोकं! हा हरभरा कॉलेजात जाणार. सर बघणार, पोरं बघणार. रामलिंग शेट्टींच्या दुकानचा माल किडका, असं एकानं म्हटलं की पुरे. लक्ष्मीपुरीत आमची तिसरी पिढी. खडा सापडला तर पोतं परत घेऊ असं ह्यांचे वडील सांगायचे, आणि घ्यायचे.

सूप घेऊन बसले. सुरुवातच होती, एकही पुडी अजून मोजलेली नव्हती; सगळ्या सोडल्या आणि निवडल्या. तेवढे दाणे कमी पडायला नकोत म्हणून घरच्या डब्यातले चांगले दाणे मोजून परत घातले. पन्नासाचे पन्नास. हिशेब चोख. अगदीच एकही किडका नको असंही नव्हे, नाहीतर पोरीला मोजायला काय उरणार? म्हणून कुठं एक, कुठं दोन, कुठं तीन ठेवले. जरा बरे दिसणारे.

तिला सांगितलं नाही. आधीच तिच्यामागं किती कामं. आपल्या हातून तिच्या शिक्षणाला तेवढीच मदत झाली. मनाला फार बरं वाटलं.

२७ जानेवारी, सोमवार

रोज दुपारी तिच्या पुड्या निवडते. आता हात बसलाय. "नमः शिवाय" म्हणत निवडलं की वेळ कळत नाही. सूनबाईच्या विद्येला माझे हात लागतात असं वाटतं.

आज ती मोजून म्हणाली, "अत्ती, मामांचा माल लई चांगला हाय की. मला वाटलं न्हवतं." मी म्हटलं, मग! मनात किती हसले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

शांभवी कॉलेजातून आली ती सरळ आतल्या खोलीत. चहा घेतला नाही. मी पाठोपाठ गेले तर कॉटवर बसलेली, जर्नल मांडीवर.

त्यांचे इंगवले सर आहेत, स्टॅटिस्टिक्सचे. वर्गासमोर म्हणाले, हे आकडे पोत्यातनं आलेले नाहीत, घरी बसून लिहिलेत.

"मी म्हटलं सर, मी मोजलंय. तर म्हणतात, एवढ्या पुड्यांत एकपण रिकामी न्हाय आणि एकीतपण पाच-सहा न्हाईत. सगळ्या एक, दोन, तीन, शाळेच्या पोरांसारख्या रांगेत उभ्या. हरभरा असा वागत न्हाय म्हणतात."

"मग काय झालं? चांगलंच आहे की."

"अत्ती, ते सही करणार न्हाईत. सही न्हाय तर प्रात्यक्षिकाला बसता येत न्हाय."

म्हणजे वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की ह्यांनी सांगितलंच आहे.

पोरगी रडत नव्हती. तेच वाईट वाटलं. "खोटं म्हणाले मला, सगळ्यांसमोर," एवढंच दोनदा म्हणाली.

त्या सराला माणसाची पारख नाही. चांगला माल कधी बघितलाच नसेल. नजर लागली पोरीला, दुसरं काय. मीठ-मोहरी उतरून टाकली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मठात जाऊन आले. सराला सुबुद्धी दे म्हणून बेल वाहिला. शांभवी जेवते पण कशी, मोजून.

तिनं पुन्हा दाणे काढून बघायचं ठरवलंय. म्हणते, मोजण्यात माझंच काही चुकलं असेल. चूक तिची कशी असेल? ती पहाटे उठते, सगळं करून जाते, खोटं बोलत नाही.

आज दुपारी नव्या पुड्या निवडल्या. ह्या खेपेला आणखी नीट.

८ फेब्रुवारी, शनिवार



दुपारी कॉलेज लवकर सुटलं. मी भाकऱ्या थापत होते आणि शांभवी भाजी चिरत होती. मी परत तोच विषय काढला. म्हटलं, सारखे आकडे आले तर त्यात खोटं काय असतं गं? मला तर सारखं असलेलं आवडतं.

ती जरा थांबली. मग म्हणाली, "अत्ती, आपल्यात रोज भाकरी किती लागतात?"

"असतील सात-आठ. कधी ह्यांची भूक मेलेली असती, तेव्हा कमी. पावणं आलं की बारा. सोमवारी माझी नसतीच."

"आणि कुणी तुम्हाला म्हटलं, आमच्यात सबंध महिना रोज सात न्हायतर आठच लागल्या. सणाला पण, उपासाला पण, पावणं आलं तरी पण. तर?"

"खोटं बोलती म्हणीन. न मोजता सांगती, न्हायतर कुणाला तरी उपाशी ठेवती."

"तेच सर म्हणतात."

मी हातातली भाकरी तव्यावर टाकायचीच विसरले. परातीतच राहिली ती. पोत्यातला हरभरा म्हणजे भरलं घर. कुठल्या पुडीत पावणे आलेले, कुठं उपास. आणि मी सगळ्यांना सारखं बसवलं होतं. सर खरं बोलत होते. आकडे घरातच झाले होते, पण पोरीच्या हातून नव्हे, माझ्या.

सांगितलं. तिथंच, चुलीपुढं. "मी निवडत होते गं. रोज. तुला बरं दिसावं म्हणून."

मला वाटलं आता बोलेल, बोलायलाच पाहिजे होतं तिनं. पण ती हसायला लागली. पोट धरून. आणि मग रडली, मंगळवारपासूनचं सगळं. मीही रडले. भाकरी कोरडी पडली, ती मी खाल्ली, टाकायची कशाला.

नंतर म्हणाली, "जाऊ दे अत्ती. सरांना सांगतो, माझंच चुकलं."

म्हटलं, अजिबात नाही. तुझं चुकलेलं नाही ते तू का म्हणायचं?

९ फेब्रुवारी, रविवार

ह्यांना सांगितलं. दुकान वाढवून आले होते, पायावर पाणी घेत होते.

"किडकं सहा-सात? पन्नासात? कुठल्या पोत्यात?"

"ते मला काय माहीत. तुमच्या दुकानात."

"माझ्या दुकानात न्हाय." आवाज चढला. "आणि असलं तर ते कॉलेजात लिहून द्यायचं? सही-शिक्क्यानं? रामलिंगचा हरभरा किडका?"

शांभवी दारात उभी होती. आत जावं का थांबावं तिला कळेना.

मी लग्न होऊन आल्यापासून ह्यांना उलटं बोललेली नाही. आज बोलले. "माल किडका असला तर मालाची लाज वाटू दे. पोरगी खोटी ठरली त्याची तुम्हाला लाज न्हाय वाटत? मी उद्या कॉलेजात जाऊन सांगणार हाय, मी निवडला म्हणून."

"तू? तू जाणार कॉलेजात?"

"जाणार."

हे टॉवेलनं पाय पुसत बसले. एक पाय दोनदा पुसला. मग जेवायला वाढ म्हणाले.

१० फेब्रुवारी, सोमवार

उपास होता. पूजा करून, विभूती लावून, लग्नातलं इरकल नेसले. शांभवी म्हणाली, "अत्ती, एवढं नको." म्हटलं, असू दे. कॉलेजात पहिल्यांदा जाते मी.

इंगवले सर वयानं वीरेशपेक्षा थोडे मोठे, चष्मा. आम्हाला बघून उभे राहिले. बसा म्हणाले. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. फळी, सूप, पुड्या, डब्यातले दाणे, सगळं.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "काढले तेवढेच परत घातले?"

"व्हय. पन्नासाचे पन्नास."

"आणि प्रत्येकीत एक-दोन किडके ठेवले, ते कशाला?"

"तिला मोजायला काहीतरी नको का?"

सरांनी चष्मा काढला आणि तोंडावर रुमाल धरला. मग शांभवीकडं वळले. "मी तुला खोटं म्हणालो वर्गात. ते वर्गातच परत घेतो उद्या." मला म्हणाले, "आकडे खोटे आहेत हे मला दिसत होतं. का खोटे आहेत ते मला कधीच कळलं नसतं. बरं झालं आलात."

सही मात्र नाहीच केली. नवे दाणे, नवी मोजणी, पुढच्या सोमवारपर्यंत. "आणि जुने आकडे खोडायचे नाहीत. दोन्ही शेजारी शेजारी लिहायचे."

परत येताना शांभवीनं रिक्षा करू म्हटलं. चालत आलो. कॉलेजात जाऊन आल्यावर चालायला जोर येतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुकान संध्याकाळी मिटल्यावर आम्ही तिघं आत होतो. मला वाटलं हे पोत्याला हात लावू देणार नाहीत. तर ह्यांनी स्वतः भिंतीकडची पोती ओढून काढली. ओल लागते त्या बाजूला.

शांभवी वरचं तोंड सोडायला गेली तर म्हणाले, "वरनं नको. वरनं कुणाचंबी चांगलंच दिसतंय. मधनं काढ, खालनं काढ." आणि लोखंडी नळी दिली, पोत्यात खुपसून आतले दाणे काढतात ती. "ही घे. गिऱ्हाईक ह्यानं आमची परीक्षा घेतंय."

शांभवी मला म्हणाली, "अत्ती, तुम्ही पण काढा. पण बघायचं न्हाय आणि निवडायचं न्हाय."

सोपं वाटलं होतं. नाही हो सोपं! नळी काढली की डोळा आपोआप किडक्यावर जातो आणि बोट त्याला बाजूला सारतं. आयुष्यभर हेच केलं. तांदूळ निवडले, डाळ निवडली, मेथी निवडली. शेवटी डोळे मिटले. इष्टलिंग तळहातावर घेताना हात जसा सरळ धरतो तसा धरला, आणि जे आलं ते घेतलं.

एका पुडीत नऊ निघाले. एकीत एकही नाही. शांभवी आनंदानं ओरडली, "मामा, नऊ!"

"ओरडू नको, बाजारात ऐकू जाईल," हे म्हणाले. पण नऊच्या नऊ दाणे हातावर घेऊन दिव्याखाली बघत राहिले. मग ती पोती ओढून जनावरांच्या भरड्याला वेगळी काढली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सही झाली.

७ मार्च, शुक्रवार, महाशिवरात्र

उपास, मठात दर्शन. देवापुढं उभी राहिले आणि काय मागावं कळेना. पहिला वर्ग मागावा तर तो तिनं मिळवायचा. शेवटी म्हटलं, जे आहे ते दिसू दे.

१३ मार्च, गुरुवार

आज प्रात्यक्षिक झालं, शांभवीनं घरी आल्यावर सांगितलं. बाहेरचे परीक्षक होते. त्यांनी जर्नल उघडून दोन्ही तक्ते बघितले आणि विचारलं, ह्यात एवढा फरक कसा?

शांभवी म्हणाली, "सर, पहिला नमुना माझ्या सासूबाईंनी निवडला होता."

"कशासाठी?"

"घराच्या अब्रूसाठी."

"आणि दुसरा?"

"तोही त्यांनीच काढला सर. डोळे मिटून."

मग त्यांनी पुष्कळ विचारलं, सरासरी, काय-स्क्वेअर, आणखी काय काय. तिला सगळं आलं. सांगताना तिचे गाल लाल झाले होते. मी मध्येच परत सांग म्हटलं, डोळे मिटूनचं. तिनं परत सांगितलं.

हे आज दुपारी दुकानात नव्हते, गड्यानं सांगितलं. संध्याकाळी उन्हानं रापून आले. विचारलं तर म्हणाले त्या बाजूला वसुली होती. कॉलेजच्या बाजूला आमचं एकही गिऱ्हाईक नाही. नवं झालं असेल.

१४ जून, शनिवार

आज निकाल लागला. पहिला वर्ग. स्टॅटिस्टिक्सला तर वर्गात सगळ्यात जास्त. वीरेशनं पाळीवरून येताना पेढे आणले, मोठा खोका. लहान चालला असता, पण आज काही बोलले नाही.

जर्नल परत मिळालंय. शांभवीनं माझ्या हातात दिलं. एका पानावर तिच्या सुंदर अक्षरात लिहिलंय: "नमुना पहिला. निवड करणार सौ. गंगव्वा रामलिंग शेट्टी. निष्कर्षास अपात्र." पुढच्या पानावर: "नमुना दुसरा. दाणे काढणार सौ. गंगव्वा रामलिंग शेट्टी व शांभवी वीरेश शेट्टी. ग्राह्य." खाली सरांची सही, परीक्षकांची सही.

माझं नाव मॅट्रिकच्या सर्टिफिकेटनंतर कुठल्या अभ्यासाच्या कागदावर आलं नव्हतं. एकदम दोनदा आलं. एकदा अपात्र, एकदा ग्राह्य. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्हीचं बरं वाटलं.

संध्याकाळी डबा द्यायला दुकानावर गेले तर गारगोटीकडचे एक गिऱ्हाईक नवा हरभरा बघत होते. ह्यांनी वरचं तोंड झाकलं, नळी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "पावणं, खालनं काढा. आणि डोळं मिटून काढा."

"डोळं मिटून? का वो?"

"तशीच रीत हाय. आमच्या सूनबाईंनी घालून दिलीय. सायन्सला हायत त्या." मग माझ्याकडं न बघता, पोत्याशी बोलल्यासारखं, "तिसऱ्या वर्षाला."

मी डबा ठेवला आणि निघाले. लक्ष्मीपुरीतून घरापर्यंत ओळखीचं जे कुणी भेटलं, त्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं. निवडलं नाही.